सर्व्हिसिंगमधला ‘फ्री वॉश’ गाडीच्या रंगाला महाग कसा पडतो? गाडी देण्याआधी एवढं नक्की करा!

गाडी सकाळी सर्व्हिसिंगला दिली की संध्याकाळी धुऊन-पुसून, टायरला काळं पॉलिश मारून दारात उभी असते. बिलात ऑइलचे पैसे असतात, फिल्टरचे असतात, लेबर चार्जेस असतात. धुण्याचे वेगळे पैसे बहुतेक वेळा नसतात. गाडीमालकही खूश होतो, तेवढेच दोन-चारशे रुपये वाचले!

मग एखाद्या दिवशी दुपारच्या कडक उन्हात बोनेटवर नजर जाते. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणावं तसे बारीक, गोल गोल चरे दिसतात. गाडी कुठे घासलेली नाही, कुणी खिळ्याने ओरखडा काढलेला नाही. मग हे आले कुठून?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, चुकीच्या पद्धतीने केलेली धुलाई. हे चरे एका दिवसात उठत नाहीत. प्रत्येक धुण्यात थोडे थोडे साठत जातात आणि लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गंमत म्हणजे हे टाळायला फारसा खर्च येत नाही. गाडीचा रंग म्हणजे काय आणि तो बिघडतो कसा, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

गाडीचा रंग असतो तरी किती जाड?

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग दिलेला नसतो, तिथे एकावर एक असे थर असतात. सगळ्यात खाली गंजापासून वाचवणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो लाल, निळा, पांढरा असा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग दोन केसांएवढा! त्यातला क्लिअर कोट तर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, एका केसापेक्षाही पातळ.

गाडीची चकाकी या क्लिअर कोटमुळे असते. उन्हातली अतिनील किरणं शोषून घेणारे घटकही याच थरात मिसळलेले असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर किंवा बोनेटवर साल निघाल्यासारखे पांढुरके डाग तुम्ही पाहिले असतील. तिथे क्लिअर कोटने जीव सोडलेला असतो. त्याखालचा रंग मग उन्हापावसाला फार दिवस तोंड देऊ शकत नाही.

चरे पडतात कसे, आणि ते गोलच का दिसतात?

पाणी किंवा शॅम्पू यांनी चरे पडत नाहीत. ते पडतात धुळीच्या कणांनी. रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते आणि वाळूत क्वार्ट्झ हे खनिज असतं. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्ज मापनश्रेणीवर क्वार्ट्झ ७ वर येतं, तर साध्या सुरीचं पोलादी पातं साधारण साडेपाचवर. जो कण पोलादावर ओरखडा काढू शकतो, त्याच्यापुढे प्लॅस्टिकसारख्या क्लिअर कोटचा काय टिकाव लागणार?

असा कण स्पंज आणि पत्रा यांच्यामध्ये अडकला आणि वरून हाताचा दाब पडला, की तो स्पंज म्हणजे पॉलिशपेपर झालाच म्हणून समजा.

आता गोल दिसण्याचं कोडं. घरातली रोज घासली जाणारी स्टीलची थाळी उन्हात धरून बघा. तिच्यावरही गोल गोल रेषा दिसतील. थाळी हलवली की त्या रेषाही प्रकाशाबरोबर सरकतात. खरं तर चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे आडवे येतात, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परतवतात. त्यामुळे वर्तुळं असल्याचा भास होतो. डिटेलिंगवाले यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात.

काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांवर हे चरे चटकन उठून दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर ते लपतात. लपतात याचा अर्थ पडत नाहीत असा नाही!

सर्व्हिस सेंटरमध्ये नेमकं काय चुकतं?

यात धुणाऱ्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला पंचवीस-तीस गाड्या एका वॉशिंग बेवर येणार असतील, तर एका गाडीला किती वेळ मिळणार? त्यात धुण्याचे वेगळे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नाहीत, त्यामुळे त्या कामाला वेळ, चांगलं साहित्य आणि प्रशिक्षण देण्याची घाई कुणालाच नसते. मेकॅनिकच्या कामाची तपासणी होते, धुणाऱ्याच्या कामाची फक्त ‘गाडी ओली-स्वच्छ दिसतेय ना’ एवढीच.

मग सहसा असं होतं :

- एकच बादली, एकच स्पंज. आधीच्या गाडीची माती त्याच पाण्यात, त्याच स्पंजमध्ये. खाली बुडाशी बसलेली वाळू प्रत्येक वेळी स्पंजबरोबर वर येते.

- चाकाचा स्पंज बोनेटवर. चाकांवर ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून पडलेली धातूची भुकटी असते. तोच स्पंज वर फिरला की ती भुकटी रंगावर घासली जाते.

- खाली पडलेलं फडकं पुन्हा वापरणं. फडकं जमिनीवर पडलं की त्याला खडे-वाळू चिकटते. ते झटकलं म्हणजे स्वच्छ झालं, असं होत नाही.

- कोरडी पुसापुशी. गाडी धुऊन दोन तास बाहेर उभी राहिली की तिच्यावर धूळ बसते. डिलिव्हरीच्या आधी कुणीतरी कोरडं फडकं मारतं. सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात वाईट, कारण कणांना सरकायला पाण्याचा ओलावाही मिळत नाही.

- प्रेशर पंपाची नळी अगदी जवळ धरणं. दगड लागून रंगाचा टवका उडालेला असेल, तिथे जवळून मारलेला फवारा उरलेला रंगही उचकटू शकतो.

- उन्हात वाळवणं. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार पत्र्यावर राहतात. घरच्या नळावर जसे पांढरे डाग धरतात तसेच. गरम पत्र्यावर ते जास्त घट्ट बसतात.

हेच सगळं सोसायटीत रोज सकाळी अर्ध्या बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या बाबतीतही खरं आहे. सर्व्हिस सेंटर वर्षातून एक-दोनदा, हे मात्र वर्षाचे ३६५ दिवस!

‘पॉलिश मारलं की जातात ना?’

हो, जातात. पण कसे जातात, ते समजून घ्या. चरा म्हणजे क्लिअर कोटमधली खाच. ती भरून येत नाही. पॉलिश करणारा त्या खाचेच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतो, तेव्हा खाच दिसेनाशी होते. म्हणजे प्रत्येक खऱ्या पॉलिशला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कमी होतात. मुळात जमा ३५ ते ५० मायक्रॉनचीच. हे असं बचत खातं आहे, ज्यातून पैसे काढता येतात, भरता येत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे खाच तात्पुरती भरणारं मेणासारखं पॉलिश. चार-सहा धुण्यांत ते निघून जातं आणि चरे जिथल्या तिथे दिसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘रबिंग-पॉलिश करून घ्या, गाडी नवी दिसेल’ असं सुचवलं गेलं, तर यातलं नेमकं काय करणार आहेत आणि कोण करणार आहे, हे विचारायलाच हवं. अननुभवी हातात रोटरी मशीन असेल, तर दाराच्या कडांवर आणि बोनेटच्या धारांवर रंग जळू शकतो, कारण तिथे थर आधीच पातळ असतो.

‘मग पुन्हा रंग मारून घेऊ’ असंही वाटेल. इथे एक मोठा फरक आहे. कारखान्यात क्लिअर कोट भट्टीत साधारण १३० ते १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्या वेळी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. पूर्ण जोडलेल्या गाडीत वायरिंग, सीट, प्लॅस्टिकचे भाग असतात. तिला तेवढ्या तापमानात ठेवता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीच्या पेंट बूथमध्ये वेगळ्या प्रकारचा रंग वापरून साधारण ६० ते ८० अंशांवर काम भागवावं लागतं. चांगला कारागीर उत्तम काम करतो, पण कारखान्यातला थर पुन्हा मिळत नाही.

शिवाय गाडी विकायला काढली की घेणारा रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र पत्र्याला लावतो. आकडा जास्त आला की पहिला प्रश्न येतो, ‘अपघात झाला होता का?’ आणि भाव खाली येतो.

गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी काय करायचं?

सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे धुणं नाकारायचं. ग्राहकाला तो अधिकार आहे. पण नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण ज्या अ‍ॅडव्हायझरला तुम्ही सांगता तो गाडी धूत नाही आणि जो धुतो त्याच्यापर्यंत निरोप पोचतोच असं नाही.

१. आदल्या दिवशी गाडी घरी धुवा. गाडी चिखलाने माखलेली असेल तर काम सुरू करण्याआधीच ती धुतली जाते. स्वच्छ गाडीला धुण्याचं कारणच उरत नाही.

२. जॉब कार्डवर लिहून घ्या. ‘बाहेरून वॉशिंग करू नये, कोरडं फडकंही मारू नये. फक्त आतून व्हॅक्यूम.’ हे वाक्य लिहिल्यावरच सही करा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. गाडीखालची तपासणी करण्यासाठी खालून पाणी मारणं गरजेचं असेल, तर ‘फक्त अंडरबॉडी’ असं स्पष्ट लिहा.

३. गाडीत मोठी चिठ्ठी लावा. स्टिअरिंगवर किंवा आतल्या आरशाला ‘गाडी धुवू नका’ असा कागद मोठ्या अक्षरांत अडकवा. मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा. जॉब कार्ड ऑफिसात राहतं, ही चिठ्ठी मात्र वॉशिंग बेपर्यंत गाडीबरोबर जाते.

४. चालत्या गाडीभोवती नव्हे, उभ्या गाडीभोवती व्हिडिओ काढा. भर उन्हात, प्रत्येक दार, बोनेट, टप आणि डिकी सावकाश टिपा. शक्य असेल तर अ‍ॅडव्हायझरच्या समोरच काढा आणि तिथल्या तिथे त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तारीख-वेळेचा पुरावा आपोआप तयार होतो.

५. दुपारी एक फोन करा. ‘काम कुठवर आलं’ विचारताना ‘धुवायची नाही, लक्षात आहे ना’ हेही आठवण म्हणून सांगा.

गाडी धुवून घ्यायचीच असेल, तर निदान समोर उभं राहून आधी नुसत्या पाण्याने माती उतरवायला सांगा, बादलीतलं पाणी बदलायला लावा आणि पुसण्यासाठी स्वतःची दोन मायक्रोफायबर फडकी द्या. चार शब्द आपुलकीने बोललात तर काम करणाराही जपून हात चालवतो.

गाडी परत घेताना घाई नको

ओल्या गाडीवर चरे दिसत नाहीत. पाणी त्या खाचांमध्ये भरतं आणि प्रकाश विखुरला जात नाही. म्हणून गाडी कोरडी असताना, सावलीतून उन्हात आणून बघा. संध्याकाळ झाली असेल तर मोबाइलचा टॉर्च पत्र्याजवळ धरून हळूहळू फिरवा. बोनेट, टप आणि चालकाच्या बाजूचं दार आधी तपासा. समाधान झाल्याच्या कागदावर सही त्यानंतरच करा.

नवा ओरखडा दिसला तर?

आवाज चढवण्याआधी फोटो काढा. गेट पास किंवा डिलिव्हरीच्या कागदावर ‘अमुक ठिकाणी नवा ओरखडा’ असं लिहूनच सही करा. मग सकाळचा व्हिडिओ दाखवा आणि सर्व्हिस मॅनेजरला त्याच दिवशी ईमेल करा. तिथे दाद लागली नाही तर कार कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे जा.

‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी भिंतीवर असते म्हणून गप्प बसायचं कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती, एखादा समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तेवढी जपायला हवी. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’साठी दाद मागता येते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षं. धुणं हा पैसे मोजून घेतलेल्या सर्व्हिसचाच भाग होता, हे तक्रारीत आवर्जून लिहा.

पण एक वास्तव ध्यानात ठेवा. ठळक, लांब ओरखडा सिद्ध करता येतो. बारीक स्वर्ल मार्क्स नेमके कोणत्या धुण्यात पडले, हे सिद्ध करणं फार अवघड. म्हणूनच नंतर भांडण्यापेक्षा आधी नाकारणं शहाणपणाचं.

घरी धुवायची कशी?

महागड्या वस्तू लागत नाहीत. दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, एक मायक्रोफायबरचा मोजा आणि एक जाड मऊ टॉवेल पुरतो.

१. गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या.

२. चाकं आधी धुवा, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या पाण्याने.

३. अंगावर नुसतं पाणी मारून सैल माती उतरवा. कोकणातली लाल माती असो की पुण्यातल्या बांधकामांची धूळ, जेवढी हात न लावता निघेल तेवढी चांगली.

४. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडा, मगच पुन्हा शॅम्पूत. घाण दुसऱ्या बादलीत राहते, गाडीवर परत जात नाही.

५. टपापासून खाली या. दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. हात सरळ रेषेत, दाब न देता.

६. पाण्याने धुऊन टॉवेल पसरा आणि हलकेच ओढा किंवा टिपा. रगडू नका.

भांडी घासायचा साबण गाडीला वापरू नका. तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे रंगावरचं मेणाचं संरक्षणही धुऊन काढतो.

फ्लॅटमध्ये नळी नाही, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आहे, अशा वेळी ‘रिन्सलेस वॉश’ हा पर्याय आहे. त्याचं द्रावण एका बादलीत मिसळायचं, चार-पाच मायक्रोफायबर फडकी त्यात भिजवायची आणि प्रत्येक भागाला फडक्याची स्वच्छ बाजू वापरायची. फक्त गाडी चिखलाने भरलेली असेल तर हा प्रकार नको. आणि धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडी झटकणी फिरवण्यापेक्षा ती दोन दिवस तशीच मळकी राहिलेली परवडली!

सिरॅमिक कोटिंग केलं की चिंता मिटली?

पूर्णपणे नाही. सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी आणि घाण चटकन घरंगळते, गाडी धुणं सोपं होतं आणि चकाकी टिकते. पण हा थर फार पातळ असतो. जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा बहुधा पेन्सिलच्या शिशाने करायच्या चाचणीतला असतो. त्याचा मोह्ज मापनश्रेणीतल्या ९ शी संबंध नाही. वाळूने भरलेला स्पंज कोटिंगवरही चरे पाडतो.

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म ही खरोखरच वेगळी गोष्ट आहे. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. ती महाग असते, म्हणून काही जण फक्त बोनेट, पुढचा बंपर आणि दाराच्या कडांना लावून घेतात.

इंजिन ऑइल बदलता येतं, टायर बदलता येतात, बॅटरीही बदलता येते. कारखान्यातून आलेला क्लिअर कोट मात्र एकदाच मिळतो. पुढच्या वेळी जॉब कार्डवर सही करण्याआधी ‘वॉशिंग करू नये’ एवढे तीन शब्द लिहायला जेमतेम दहा सेकंद लागतील. गाडी धुळकट परत मिळाली तरी हरकत नाही. रविवारी सकाळी दोन बादल्यांत ती धुळ निघेल.

तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच नवी गाडी घेतली असेल, तर पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!